पहिली फ्लाय बांधताना: गळ, लोकर आणि चिकनवाल्याकडचं पीस

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न असतो: "फ्लाय बांधायला शिकायचंय, पण सोपा पॅटर्न कुठला घेऊ?" आज तेवढंच बोलू.

ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्यांच्यासाठी सांगतो. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून केलेलं खोटं आमिष. माशाला ते किडा वाटावं किंवा छोटी मासोळी वाटावी, एवढंच.

आधी माझी फजिती. बोरिवलीच्या घरात बसून मी सुरुवात केली ती थेट जुन्या इंग्रजी सालमन फ्लायपासून. का? तर फोटोत भारी दिसत होती. सामानाची यादीच डझनभर, आणि त्यात एक नाव, 'जंगल कॉक'. दोन आठवडे मी चिकनवाल्यांना विचारत फिरलो. शेवटी मासेमारीत मुरलेले मुलुंडचे एक काका हसले. म्हणाले, "अरे, तो आपला रानकोंबडा! सह्याद्रीत असतो. त्याला हात लावशील तर आत जाशील."

खरंच आहे ते. राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चमकणारे ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळात त्या ठिपक्यांसाठी ही पिसं इंग्लंडला जायची. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याची शिकार बंद आहे. म्हणून पहिला नियम: यादीत रानपक्ष्याचं पीस दिसलं की तो पॅटर्न सोडून द्या.

दुसरा नियम: गळ सोडून सामान चारच्या वर नको. पॅटर्नची यादी बहुतेक वेळा बांधायच्या क्रमानेच लिहिलेली असते: गळ, दोरा, शेपूट, अंग, वरची तार. व्हिडिओ बघताना स्पीड अर्ध्यावर ठेवा आणि फक्त बांधणाऱ्याच्या बोटांकडे बघा.

माझं मत विचाराल तर 'वूली बगर'. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंग यांनी ही फ्लाय केली. आपण तिचं अजून सोपं रूप करू.

सामान: ८ नंबरचा गळ. लक्षात ठेवा, नंबर वाढला की गळ लहान होतो. साधा शिवणाचा बारीक दोरा. काळी किंवा हिरवी लोकर. जुन्या चार्जरच्या वायरीतल्या तांब्याच्या दोन तारा, एकत्र पिळून. आणि कोंबडीचं पीस, त्याच्या बुडाकडचा मऊ, फुगीर भाग. पीस भांड्याच्या साबणाने धुऊन कडक वाळवा. गळ धरायला व्हाइस नसेल तर लॉक होणारी पक्कड टेबलाला क्लॅम्पने बांधली तरी चालते.

आता बांधू.

एक. गळ वाकलेल्या भागात धरा. दांडी आडवी, नेढं उजवीकडे. डावखुरे असाल तर उलट.

दोन. नेढ्याच्या जरा मागे दोरा धरून त्याच्यावरच पाच-सहा वेढे द्या. उरलेलं टोक कापा, दोरा वाकणापर्यंत मागे न्या.

तीन. पिसाचा मऊ भाग शेपूट म्हणून ठेवा, लांबी दांडीएवढी. दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरून बांधा, नाहीतर तो दांडीभोवती फिरतो.

चार. तिथेच तार आणि लोकर बांधा. दोरा पुढे आणा, मग लोकर गुंडाळत पुढे या आणि बांधून टाका.

पाच. तार उलट्या दिशेने चार-पाच वेढे देत पुढे आणा आणि बांधा. माशाचे दात लागले तरी लोकर लगेच सुटत नाही.

सहा. दोऱ्याचं छोटं डोकं करा, तीन-चार गाठी मारा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. नेढं बुजवू नका!

नवशिक्याची चूक इथेच होते. नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा सोडायची राहते, मग डोकं बसत नाही आणि तंगूस ओवता येत नाही. माझ्या पहिल्या पाचही फ्लाय अशाच गेल्या. ब्लेडने दोरा कापून गळ पुन्हा वापरा.

फ्लाय रॉड नाही? साध्या रॉडवर फ्लोट लावून त्याच्या पुढे ही फ्लाय बांधा. मात्र कुठल्याही तलावावर असंच जाऊन बसू नका. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, आधी परवानगीची चौकशी करा. आणि पवईत मगरी आहेत, काठाशी पाण्यात उतरू नका. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, तिकडे गळ नेऊच नका.

एकच पॅटर्न दहा वेळा बांधा. दहावी फ्लाय पहिलीच्या शेजारी ठेवून बघा, फरक तुम्हालाच दिसेल. ती लोकर आणि चिकनवाल्याच्या पिसाचीच असेल, आणि रानकोंबडा तिकडे सह्याद्रीत आपल्या पिसांसकट आरवत असेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. बोटं सांभाळा!