भिंतीआडचं पाणी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल याच मंचावर कीर्तन झालं, उद्या मुलांचं नाटक आहे आणि मधल्या दिवशी मंडळाने आम्हाला नळावर बोलायला उभं केलं आहे. आम्ही साधे डिप्लोमावाले. वीसेक वर्षं सरकारी नोकरीत पाइपांशीच संसार केला. म्हणून विद्वत्ता नाही, अनुभव सांगतो.

सुरुवात आमच्याच चुकीपासून. देवघराच्या भिंतीला ओल यायची. दरवर्षी श्रावण संपत आला की आम्ही पोपडे खरवडायचो, पुट्टी भरून रंग द्यायचो आणि गणपती बसवायचो. आई म्हणायची, "अरे, उन्हाळ्यातही ही भिंत गार लागते." आम्ही म्हणायचो, "पावसाळ्याची ओल आहे गं." तीन वर्षं असंच चाललं. चौथ्या वर्षी मखर बांधताना छताचा एक तुकडा खाली आला. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी मुलं कागदी फुलं करत बसली होती.

मेस्त्रीने भिंत फोडली तेव्हा कळलं, वरच्या बाथरूमच्या पाइपाचा एक जोड पाझरत होता. आतली सळई गंजून फुगली होती. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलत राहतो. जोडाची किंमत किरकोळ होती, पण भिंत, छत आणि लादी मिळून खर्च पगाराच्या बाहेर गेला. एवढं लक्षात ठेवा: पावसाची ओल दिवाळीनंतर वाळते. जी वैशाखातही टिकते, ती पाइपाची. तिच्यावर रंग देऊ नका.

आता आपल्या गावाच्या खास खोडी. पहिली, आपली काळी कपाशीची माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात ती फुगते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी वरखाली होतो आणि शेवटी जोडापाशी सुटतो. म्हणून खड्ड्यात पाइपाच्या खाली-वर वाळू किंवा मुरूम घालून घ्या. मेस्त्री कंटाळा करील. आपण उभं राहून करवून घ्यावं.

दुसरी, बोअरचं जड पाणी. पैनगंगेच्या पट्ट्यात चुनखडक आहे. त्याच्याच जिवावर आपल्याकडे सिमेंटचा कारखाना निघाला. बोअरच्या पाण्यातून तोच चुना घरात येतो. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो, असं भारतीय मानक सांगतं. जड पाणी तापलं की चुन्याचा थर बसतो. तेलंगणात थंडीला आपल्या आदिलाबादचं नाव आधी निघतं, म्हणून गीझरही आपल्याकडे जास्त चालतो. कॉइलवर थर चढला की वीज जास्त जाते आणि कॉइल जळते. गीझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी तो बुच मारून बंद करतात. तसं कदापि करू नका. आतला दाब जायला तेवढीच वाट असते.

तिसरी, ऊन. गच्चीवरचा उघडा पीव्हीसी पाइप उन्हाने कडक होतो आणि शिडी टेकवली तरी तडकतो. त्याला पांढरा रंग द्या, नाहीतर झाकून घ्या.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे नल्ला ठरलेल्या वेळीच येतो. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो. तो गटारातून किंवा गटाराला लागून गेला असेल आणि जोड सैल असेल, तर बाहेरची घाण आत शिरते. त्यात कुणी थेट नल्ल्याला मोटर लावली, तर ती ओढूनच घेतली जाते, आणि ती फक्त मोटरवाल्याच्या घरी जात नाही, शेजाऱ्याच्याही माठात जाते. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली होती. आमच्या गल्लीतही एका वर्षी एका ओळीत चार घरांत कावीळ निघाली. खणून पाहिलं तर चारही घरांचे पाइप एकाच गटारातून गेले होते. वरून पाणी स्वच्छ दिसत होतं.

मिशन भगीरथचं पाणी शुद्ध होऊन आपल्या दारापर्यंत येतं. दारापासून माठापर्यंतची जबाबदारी आपली. बोअर आणि नल्ला एकाच पाइपात जोडू नका. नल्ल्याचं पाणी आधी संपमध्ये घ्या, मोटर संपवर लावा. संपचं झाकण जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा.

घरच्या घरी दोन परीक्षा करा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलं असेल, तर दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचा वॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहा. तरीही उतरलं तर टाकी गळते. नाही उतरलं तर पाइप किंवा फ्लश. फ्लशच्या टाकीत रंगाचे चार थेंब टाका. अर्ध्या तासात न वापरताच भांड्यात रंग दिसला, तर तिथे गळती आहे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब होतात.

आणखी एक. नवीन घर बांधताना भिंती बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे हातोडा कुठे मारायचा ते कळेल.

1956 साली राजुरा, किनवट पलीकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. नंतर राज्य बदललं, जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आपल्या वाडवडिलांनी बांधलेली घरं मात्र जागेवर आहेत. आमच्या देवघराची भिंत आता कोरडी आहे. आई अजूनही दर उन्हाळ्यात तिला हात लावून बघते आणि आता आम्हीही बघतो. घरी गेल्यावर तुम्हीही एकदा हात लावून बघा.

गणपती बाप्पा मोरया!