रजा की खाडा?



कामगारांच्या बोलीत दोन शब्द आहेत : रजा आणि खाडा. दोन्ही दिवशी माणूस घरीच असतो. परंतु रजेच्या दिवसाचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. सुटीचा सारा प्रश्न या दोन शब्दांतील अंतराचा आहे, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटीदेखील भांडून मिळवावी लागली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी केली. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणी मालकांनी ती मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. २०२० च्या कामगार संहितेनेही हेच प्रमाण राखले.

तथापि, कायद्यात रजा लिहिली म्हणजे ती माणसाच्या हाती पडतेच असे नाही. जपानचेच पाहा. तेथे १९४७ पासून भरपगारी रजेचा कायदा आहे. आज सहा महिन्यांच्या नोकरीनंतर दहा दिवस, आणि पुढे वाढत वाढत वीस दिवसांपर्यंत रजा मिळते. तरीही कित्येक वर्षे तेथील लोक आपल्या वाट्याची सुमारे निम्मी रजा न घेताच सोडून देत. आपले काम सोबत्यांच्या अंगावर पडेल हा संकोच, आणि आजारपणासाठी चार दिवस शिल्लक असावेत ही काळजी. अखेर एप्रिल २०१९ पासून वर्षातून निदान पाच दिवस रजा घ्यायला लावण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली. तेथे संकोच आडवा आला. आपल्याकडे पोट आडवे येते.

आपल्या या उल्हासनगरात घरोघर, गल्लोगल्ली शिलाईची यंत्रे चालतात. सहाआठ माणसांच्या खोलीपर्यंत रजेचे कायदे सहसा पोहोचत नाहीत, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याला तर सणाचा दिवसही खाडाच असतो. दिवाळी आपण सारेच साजरी करतो. पण त्याने ती स्वतःच्या मजुरीतून विकत घेतलेली असते. मग ताप अंगावर घेऊनही तो यंत्रावर बसतो, यात नवल ते काय?

लहान कारखानदाराची ओढाताण आम्ही जाणतो. परंतु हिशेब अगदी सोपा आहे. वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे शंभर रुपये मजुरीमागे पाच रुपये. माल देणारा व्यापारी आणि खोलीचा मालक यांनी मिळून तेवढी रक्कम नगाच्या दरात धरावी, वेगळी मांडावी, आणि सुटीच्या दिवशी कारागिराच्या हाती ठेवावी. याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

गावात सुट्या किती आहेत हे दिनदर्शिका सांगते. त्या कोणाच्या खर्चाने होतात, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागेल.