राक्षसाची घडण आणि त्याचे नाव

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात राक्षसांवर व्याख्यान व्हावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या मुलांनी 'राक्षस' हा शब्द आजीच्या गोष्टीत प्रथम ऐकला, त्यांतील काही जण तोच शब्द आता एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकात वाचू लागले आहेत. तेथील राक्षसाला वाघाचे मस्तक आहे आणि तो गोष्टीतल्या राक्षसाशी जुळत नाही. हा फरक कसा पडला, हे पाहण्यासाठी तो खेळ आणि त्यातील राक्षस घडवण्याची रीत समजून घ्यावी लागते.

1974 साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. मेजाभोवती काही जण बसतात. त्यांतील एक जण कथा सांगतो आणि इतर प्रत्येक जण एकेका वीराची भूमिका घेतो. वीर काय करू पाहतो ते खेळणारा बोलून दाखवतो; ते साधले की फसले, याचा निवाडा फासे करतात. अशी कथा वर्षानुवर्षे चालू शकते. साहजिकच कथेकर्‍याला प्रतिस्पर्धी लागतात, आणि तेही नित्य नवे. 1977 साली निघालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात असे साडेतीनशेहून अधिक जीव एकत्र आले. प्रत्येकाची शक्ती, चिलखत, हल्ल्याची रीत, बाळगलेले धन, एवढेच नव्हे तर त्याची नीतीही रकान्यांत मांडलेली होती.

इतके जीव आणायचे कोठून? काहींचा उगम अगदी खेळण्यांच्या दुकानात आहे. हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्त प्लॅस्टिकची जनावरे त्या काळी पिशवीत भरून 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकली जात. त्यांतील काही जनावरे भूतलावर कधीही वावरलेल्या कोणत्याच प्राण्यासारखी नव्हती. गायगॅक्स यांनी ती पटावर मांडली आणि मग त्यांना गुणधर्म शोधले. शेपटाच्या टोकाला पंख्यासारखे काही असलेला एक विचित्र कीटक 'रस्ट मॉन्स्टर' झाला. त्याच्या स्पर्शाने लोखंड गंजते आणि तो गंज खाऊन तो जगतो. ही कल्पना वाटते त्याहून चतुर आहे. हा जीव कोणाचे प्राण घेत नाही. पण सर्वांत बलाढ्य वीराची तलवार आणि चिलखत क्षणात धुळीला मिळवतो. मग पुढे व्हायचे कोणी? ज्याच्या हाती साधी काठी आहे त्याने. एका प्लॅस्टिकच्या किड्याने मेजाभोवतीची सारी उतरंड उलटी केली.

असाच एक चौकोनी जीव आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच असा पारदर्शक लिबलिबीत ठोकळा! त्याची उत्पत्ती कोणत्याही पुराणात सापडणार नाही. या खेळाची भुयारे चौकटीच्या कागदावर आखली जात आणि एक चौकट बहुधा दहा फुटांची धरली जाई. तेव्हा भुयार काठोकाठ भरून सरकणारा जीव दहा फुटांचाच असणार. त्याला जन्म दिला तो आलेखाच्या कागदाने.

ट्रोल नावाच्या जीवाच्या जखमा मात्र आपोआप भरून येतात. आग किंवा आम्ल यांनीच तो मरतो. हे रूप पॉल अँडरसन या लेखकाच्या कादंबरीतून आले. मराठी श्रोत्याला येथे रक्तबीज आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच्या रक्ताचा प्रत्येक थेंब भूमीवर पडताच नवा असुर उभा राही, म्हणून देवीने ते रक्त भूमीवर पडूच दिले नाही. हिरण्यकशिपूचा वर आणि भस्मासुराचा वर हे त्याच जातीचे. नियम अभेद्य भासावा, पण त्यात एक फट असावी आणि ती बळाने नव्हे तर बुद्धीने सापडावी. पुराणकारांना ही रचना पुरती ठाऊक होती. किंबहुना या कलेत ते लेक जिनीव्हाच्या मंडळींहून सरसच होते, कारण त्यांच्या फटीत असुराचा स्वभावही दडलेला असे. भस्मासुराला ठार करते ती त्याची स्वतःचीच हाव.

आता नावांकडे वळू. गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर आणि कोबोल्ड हे युरोपच्या लोकभाषांतील जवळजवळ समानार्थी शब्द. मुलांना भिववण्यासाठी किंवा घरातल्या खोडकर भुतासाठी ते वापरले जात. खेळाने या समानार्थी शब्दांची शिडी केली. किती फासे टाकून जीवाची शक्ती ठरवायची, यावरून पायर्‍या पडल्या: कोबोल्ड अर्ध्या फाशाचा, ऑर्क एका फाशाचा, हॉबगॉब्लिन त्याहून किंचित वरचा आणि बगबेअर तिनांहून थोडा अधिक. कोशात शेजारी नांदणारे शब्द रणांगणावर एकमेकांचे वरिष्ठ आणि कनिष्ठ झाले. यांतील कोबोल्ड तर विज्ञानाच्या पुस्तकातही भेटतो. जर्मन खाणकामगारांना कधी कधी असे खनिज लागे की त्यातून चांदी निघत नसे, उलट भट्टीतून विषारी धूर येई. हा खोडसाळपणा ते कोबोल्डच्या माथी मारीत. त्यावरूनच त्या धातूचे नाव कोबाल्ट पडले.

काही नावे सक्तीने बदलावी लागली. टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतल्यावर 'हॉबिट'चा 'हाफलिंग' झाला, 'एन्ट'चा 'ट्रेअन्ट' आणि 'बॅलरॉग'चा 'बॅलोर'. पुढे खेळाच्या मालकांनीही तोच धडा गिरवला. 2000 साली त्यांनी खेळाचे नियम इतरांना वापरावयास मोकळे केले, तेव्हा काही जीव मात्र स्वतःपाशी राखून ठेवले. मोठ्या मध्यवर्ती डोळ्याचा आणि देठांवर अनेक डोळे असलेला 'बिहोल्डर' त्यांत होता, कारण तो त्यांच्याच मंडळीतील एकाने कल्पिलेला. 'राक्षस' मात्र मोकळ्या यादीत गेला. संस्कृत शब्दावर मालकी सांगणार तरी कोण?

हा राक्षस 1977 च्या पुस्तकातच आहे. डेव्हिड ट्रँपियर या चित्रकाराने त्याला वाघाचे मस्तक, उंची अंगरखा आणि हाती धूम्रपानाची नळी दिली. तो समोरच्या माणसाला त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या रूपात दिसतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. हे दोन्ही गुण रामायणातून थेट आलेले नाहीत. 1974 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या एका भयमालिकेच्या भागातला राक्षस असाच होता. तरीही रूप पालटण्याचा गुण परका म्हणता येणार नाही. मारीच सुवर्णमृग झाला आणि रावण भिक्षेकरी संन्यासी झाला. राक्षसांना 'कामरूपी' हे विशेषण रामायणातच आहे. कित्येक हातांतून गेलेल्या निरोपातही मूळचा एक शब्द शाबूत राहावा, तसे हे झाले.

गळाले ते निराळेच. खेळाच्या रकान्यात राक्षसाची नीती 'दुष्ट' अशी एका शब्दात नोंदलेली असते आणि ती सार्‍या जातीला लागू पडते. रामायणात राक्षसांना कुळ आहे. रावण हा पुलस्त्य ऋषींचा नातू. रक्षण करू असे म्हणाले म्हणून ते राक्षस, अशी व्युत्पत्ती उत्तरकांड देते. त्या कुळात बिभीषण निपजतो. महाभारतात हिडिंबेचा घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. 'दुष्ट' या एका शब्दाच्या रकान्यात बिभीषणाला बसवायचे कोठे? हा प्रश्न पुढे खेळणार्‍यांनाही पडला, तो ऑर्क आणि ड्राऊ या जातींच्या निमित्ताने. संपूर्ण जातच जन्मतः दुष्ट ठरवणे योग्य नव्हे, असे 2020 साली प्रकाशकांनी जाहीरपणे मान्य केले. वाल्मीकींनी ते फार आधी जाणले होते, एवढेच म्हणावे.

मराठीत भुतांच्या नावांची एक निराळीच व्यवस्था आहे, आणि महाराष्ट्राबाहेर वाढणार्‍या मुलांना ती आता क्वचितच ऐकावयास मिळते. मुंज झाली पण लग्नापूर्वीच वारला तो मुंजा. त्याचा वास पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. वाटसरूला पाण्याकडे ओढणारा गिर्‍हा. वारसावाचून गेला आणि धनात जीव अडकला तो समंध. येथे नाव शक्तीवरून पडत नाही; कोणते आयुष्य अर्धे राहिले त्यावरून पडते. म्हणूनच उपायही शस्त्राचा नसतो. नारळ द्यावा, क्रियाकर्म करावे, राहिलेली इच्छा पुरवावी, म्हणजे भूत वाट सोडते. 1915 साली इंग्रजीत छापलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या संग्रहात अशा नोंदी विपुल आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा खेडोपाडीच्या शाळामास्तरांनी गावकर्‍यांना विचारून पाठवलेल्या आहेत.

एखाद्या विद्यार्थ्याने उद्या मुंजाला त्या खेळात आणावयाचे ठरवले, तर शक्ती आणि चिलखत यांचे रकाने तो सहज भरील. पिंपळ हे निवासस्थान म्हणून लिहिता येईल. पण या मुलाचे काय राहून गेले, हे लिहिण्यासाठी त्याला एक नवा रकाना आखावा लागेल. आणि ते राहिलेले पुरे केले की झुंज न होताच डाव सुटतो, हा नियम मेजाभोवतीच्या मित्रांना समजावून द्यावा लागेल.