खेळयंत्र घेण्यापूर्वी



उन्हाळ्यात मार्केट यार्डावर आंब्याची पेटी घ्यायला आपण जातो. बिबवेवाडीकरांना ती वाट सांगायला नको. वरच्या थराचा रंग पाहून कोणी शहाणा माणूस पैसे मोजीत नाही. गवतात हात घालून तळचा आंबा वर काढतो. पण तोच गृहस्थ सुट्टीत मुलाच्या हट्टाखातर हातात धरायचे खेळयंत्र, मुले ज्याला ‘कन्सोल’ म्हणतात ते, घ्यायला निघतो तेव्हा वरच्या रंगावरच भुलतो. या यंत्राची निंदा करायला मी उभा नाही. खेळ ही माणसाची गरजच आहे. पेटीच्या तळाशी काय पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

पहिली गोष्ट दुरुस्तीची. अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या पोटात कार्बनचा पातळ थर असतो व त्यावर एक पत्री घासत असते. थर झिजला की अंगठा न लावताही पडद्यावरचा गडी आपोआप चालू लागतो. २०१७ साली निघालेल्या निंटेंडो स्विचविषयी ही तक्रार इतकी वाढली की, २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांना भागधारकांपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. हे यंत्र निघाले तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्री नव्हती. बाहेरून आणलेला मालच दुकानांत मिळे. अशा मालाची हमी मागायची कोणाकडे? म्हणून हमी कंपनीची की दुकानदाराच्या तोंडची, हे पैसे देण्यापूर्वी बिलावर वाचावे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. १९८९ सालच्या गेम बॉयमध्ये चार पेन्सिल सेल घातले की काम भागे. संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणावेत. आजची बॅटरी यंत्राच्या पोटात बंद असते आणि प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी म्हातारी होते. पहिले स्विच नवे असतानाच, खेळ पाहून, अडीच ते साडेसहा तास चाले. चार वर्षांनी ते किती चालेल आणि बॅटरी बदलून कोण देईल, हा हिशेब आजच मांडावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती मालकीची. गेम बॉयचा खेळ कार्ट्रिजमध्ये असे. तो मित्राला देता येई, विकता येई. आज पुष्कळ खेळ कंपनीच्या दुकानातून थेट यंत्रात उतरतात. आपण खरेदी करतो ती बहुधा खेळाची नव्हे, खेळण्याच्या परवानगीची. २७ मार्च २०२३ रोजी निंटेंडोने ‘थ्री-डी-एस’ या जुन्या यंत्राचे असे दुकान बंद केले. घेतलेले खेळ राहिले. नवा मात्र त्या दुकानातून एकही घेता येईना. २०२५ साली आलेल्या स्विच-२ च्या काही कार्डांत तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते; खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. कुलूप दुसऱ्याच्या घरी आणि किल्लीचे पैसे आपण दिलेले!

चौथी गोष्ट पूर्ण खर्चाची. आसुस कंपनीचे ‘रॉग अ‍ॅलाय’ २०२३ साली भारतात आले ते ६९,९९० रुपयांना. त्यावर खेळ, साठवणीचे कार्ड, पिशवी यांचा खर्च वेगळा. सोनीचे ‘प्लेस्टेशन पोर्टल’ बाजारात आले ते घरी प्लेस्टेशन-५ असेल असे धरूनच; पाहुणा येतो, पण यजमानाचा खर्च आधी करावा लागतो.

शेवटची गोष्ट डोळ्यांची. लहान पडदा जवळ धरावा लागतो, आणि घरात कोंडलेल्या मुलांना चष्मा लवकर लागण्याचा संभव अधिक, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. उघड्यावर घालवलेला वेळ डोळ्यांचे रक्षण करतो. तळजाईची टेकडी आपल्याला जवळ आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही.

तेव्हा नकार द्यावा असे माझे म्हणणे नाही. मुलाला शेजारी बसवावे, हातात कागद द्यावा आणि या पाच गोष्टी त्यालाच लिहायला सांगाव्यात. घरातला पैसा कष्टाने येतो, हे त्याला त्या कागदावर कळेल. हिशेबानंतरही यंत्र घ्यावेसे वाटले तर आनंदाने घ्यावे. नाही वाटले, तर तो निर्णय त्याचा स्वतःचा असेल, आणि बापाच्या नकारापेक्षा तो अधिक टिकेल.