बोटीचे इंजिन

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात जुन्नर येथे केलेले भाषण)



आपली ज्ञाती हत्याराची. भाता, ऐरण आणि रंधा यांवर आपल्या वाडवडिलांनी प्रपंच केला. म्हणून आज विद्वत्तेचा विषय न घेता लोखंडाचा एक विषय आपणांपुढे मांडण्याची परवानगी घेतो.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी आमची विहीर आहे. तिच्यावर पूर्वी मोट चाले. 1964 साली वडिलांनी जुन्या बाजारातून एक तेलाचे इंजिन आणले आणि बैलांची धाव थांबली. विकणाऱ्याने सांगितले की, हे विलायती असून मुंबईच्या एका बोटीतून उतरविलेले आहे. अंगावर पितळी पट्टी होती, तीवर लिस्टर हे नाव. तेव्हापासून पंचक्रोशीत त्याला ‘बोटीचे इंजिन’ असेच म्हणत. पुढे वीज आली, विजेचा पंप बसला आणि इंजिन छपराखाली गंजत पडले. दोन वर्षांमागे घरातील तरुणांनी ते भंगारात घालण्याचे ठरविले. वडीलबंधू मात्र अडून बसले. “बोटीचे इंजिन किलोच्या भावाने जायचे नाही,” एवढेच ते म्हणाले. तेव्हा ते नीट करण्याचे काम मजकडे आले.

कोणतेही जुने यंत्र दुरुस्त करण्यापूर्वी ते कोणते, हे ओळखले पाहिजे. नाहीतर चुकीचा भाग बसून चांगला भाग फुटतो. इंग्लंडात डर्सली येथे 1867 साली निघालेल्या लिस्टर कंपनीने 1930 च्या सुमारास एका सिलिंडरचे मंदगती डिझेल इंजिन काढले. सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचे सिलिंडर साडेचार इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव साडेपाच इंच आणि गती मिनिटास 650 फेरे. आमच्या इंजिनाची मापे तंतोतंत तीच भरली. बंधूंना आनंद झाला. परंतु मापे सारखी असल्याने जन्म सारखा ठरत नाही. स्वातंत्र्यानंतर राजकोटकडे आणि अन्यत्र ह्याच नमुन्याबरहुकूम पुष्कळ इंजिने घडविली गेली, आणि त्यांची मापेही हीच.

प्रथम बोटीचा प्रश्न घेतला. बोटीच्या इंजिनास नाव मागे घेण्यासाठी उलट गतीची पेटी लागते, पंख्याच्या दांड्याला जोडण्याची सोय लागते आणि थंडाव्यासाठी बाहेरचे पाणी ओढणारा पंप लागतो. आमच्या इंजिनावर ह्यांपैकी काही नव्हते; एवढेच नव्हे, तर ते कधी बसविले असल्याची भोकेही नव्हती. होती ती दोन जड चाके आणि पट्ट्याची पुली. हे इंजिन जमिनीवर चालण्यासाठीच जन्मले होते.

मग विलायतेचा प्रश्न. मूळ लिस्टरच्या मुख्य दांड्यास निमुळत्या रोलरची बेअरिंगे असत. आमच्यात साधे बुश निघाले. तथापि बेअरिंगे मागाहून बदलता येतात, म्हणून एवढ्यावर निर्णय दिला नाही. खालची पेटी उघडली तो आतल्या कोपऱ्यांत ओतकामाची वाळू तशीच चिकटलेली. शेवटी पितळी पट्टी सोडविली. तिच्याखाली इंजिनाचा हिरवा रंग अखंड होता आणि शेजारी दुसऱ्या मापाच्या पट्टीची दोन भोके लांबीने बुजविलेली होती. आता संशय उरला नाही. इंजिन आपल्याच देशात घडलेले होते आणि त्याचे खरे नाव कोणीतरी काढून टाकले होते.

दुरुस्तीचे काम त्या मानाने सोपे होते. दट्ट्या धरला होता. हातोडा न मारता सिलिंडरमध्ये रॉकेल व डिझेल यांचे मिश्रण ओतून आठ दिवस वाट पाहिली. मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या ठोक्यांनी तो सुटला. कड्या नव्या घातल्या, झडपा घासून बसविल्या, बुश रंग लावून खरवडून जुळविले. विहिरीच्या जड पाण्याने भोवतालच्या पोकळीत साचलेला क्षाराचा थर काढला. नॉझल तपासताना हात दूर ठेवावा, एवढे तरुणांना आवर्जून सांगतो. तो फवारा कातडी भेदून आत जातो.

सर्वांत अवघड काम होते ते बंधूंना सांगण्याचे. साठ वर्षांचा अभिमान दोन भोकांसाठी मोडावा काय? रंग देऊन पट्टी पुन्हा लाविली असती तर कोणासही कळले नसते. परंतु खोटी खूण आपल्या हाताने बसविणे मला जमेना. सर्व पुरावा त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ ती भोके चाचपीत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्यासारख्याच कोणा कारागिराने केले हे. त्याचे नाव तेवढे गेले.” पट्टी त्यांनी स्वतःच फडताळात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी झडप उचलून धरून पुतण्याने हँडल फिरविले, झडप सोडली आणि तिसऱ्या खेपेस इंजिनाने श्वास घेतला. पाटाला पाणी आले. बंधू थारोळ्याशी उभे होते.

बंधूंनो, ह्याच जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांच्या श्रेणींची नोंद दगडावर झाली. आणि साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनकर्त्याचे नाव मात्र आपणांस सापडत नाही. विलायती नाव लाविल्याशिवाय आपल्या कामाला भाव येत नाही, ही समजूत त्या पट्टीपेक्षा अधिक घट्ट बसलेली आहे. म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्या घरी जे जुने यंत्र असेल ते भंगारात घालण्यापूर्वी उघडून पाहावे, त्याची मापे, खुणा व खरेदीची पावती एका वहीत उतरून ठेवावी, आणि जे खरे निघेल तेच लिहावे.