मानसशास्त्र शिकायचंय? आधी स्वतःची चूक पकडा

मी मूळचा साताऱ्याचा, बीटेक सांगलीत केलं, आता पोटापाण्यासाठी कोड लिहितो. मानसशास्त्राची डिग्री माझ्याकडे नाही, तीन-चार वर्षं हौसेनं वाचतोय एवढंच. त्यामुळे आजचा भाग अगदी शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी.

तिसऱ्या वर्षाला माझा एक प्रोजेक्ट पार्टनर होता, तासगावकडचा. विश्रामबागेत खोली करून राहायचा. अचानक तो लेक्चर बुडवायला लागला, आला तर मागच्या बाकावर झोपायचा. आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो. ‘याला ग्रुपमधून काढा’ असं सरांना सांगणारा मीच. त्याचं वर्ष गेलं. नंतर कळलं, ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस होऊन दावण्यानं त्यांची द्राक्षबाग गेली होती, आणि हा फीसाठी रात्रपाळी करत होता.

मी जे केलं त्याला मानसशास्त्रात नाव आहे, हे फार उशिरा समजलं. 1967 साली जोन्स आणि हॅरिस या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की लिहिणाऱ्यानं बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं, की याचं मत थोडंफार तसंच असणार! पुढे 1977 मध्ये ली रॉस यांनी याला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ म्हटलं. दुसरा चुकला की त्याचा स्वभाव दिसतो, परिस्थिती दिसतच नाही. माझा कोड पडला की मात्र सर्व्हर खराब असतो, हे सांगायला नकोच.

म्हणून फ्रॉइडपासून सुरुवात करू नका असं माझं मत. आठवडाभर एक वही ठेवा. कुणाचा राग आला की तुम्ही त्याला मनात काय म्हणालात ते लिहा, आणि शेजारी त्याच्या वागण्याची, स्वभाव सोडून, तीन कारणं. तिसरं कारण सुचताना घाम फुटतो.

वाचायला बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं घ्या. मराठीत आहेत, पीडीएफ फुकट मिळते.

एक मात्र करू नका. दोन धडे वाचून घरच्यांना ‘तुला डिप्रेशन आहे’ सांगत सुटू नका. मी हेही केलंय, आमच्या आतेबहिणीला विचारा. निदान करणं तज्ज्ञांचं काम. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीसाठी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद मनोविकारतज्ज्ञच आहेत. आणि कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलता येतं.

त्या मित्राला गेल्या दिवाळीत फोन केला होता. ‘बाग फुलोऱ्यात आहे, बघू,’ म्हणाला. पावसाबद्दलच बोलत बसलो. सॉरी म्हणायचं राहिलंच.