किल्ली कुठे ठेवली?

बाजारातून परतलेली गृहिणी भाजीची पिशवी सावरीत कुलूप काढते, आणि तेवढ्यात दाराशी आलेल्या पोस्टमनची हाक ऐकून हातातील किल्ली तांदळाच्या डब्यावर ठेवून वळते, तेव्हा सायंकाळी त्याच किल्लीसाठी सारे घर पालथे घालण्याची पाळी तिच्यावर येते. अशा प्रसंगी आपण स्मरणशक्तीला बोल लावतो. परंतु वस्तुतः स्मृतीच्या दप्तरी त्या किल्लीची नोंदच झालेली नसते, कारण चित्त अन्यत्र गुंतले असता हाताने केवळ सवयीने केलेल्या कृतीचा ठसा मनावर क्वचितच उमटतो.

जे लक्षपूर्वक ग्रहण केले तेही पुढे पुसट होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवून दिले, की विस्मरणाचा वेग प्रारंभी सर्वाधिक असतो व कालांतराने मंदावतो.

म्हणून किल्लीसाठी दाराजवळ एकच खुंटी मुक्रर करावी; वस्तू ठेवताना क्षणभर थांबून ‘किल्ली खुंटीला लावली’ असे स्वतःशी उच्चारावे; आणि ती सापडेनाशी झाल्यास आल्या वाटेने पुन्हा जाऊन पाहावे, कारण स्थळ स्मृतीला जागे करते.

मात्र घरातील वडीलधाऱ्यांना किल्ली कशासाठी असते हेच उमगेनासे झाले, तर त्यांच्यावर न रागावता वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. विसरणाऱ्याला धीर देणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.